भोकांची गंमत

मुलांनो, सिनेमा पाहून घरी आल्यावर काय होते? गोष्ट दोन दिवसांत मागे पडते. पण एखादे गाणे मात्र डोक्यात घुमतच राहते. आई पोळ्या लाटताना ते गुणगुणते. दादा टेबलावर बोटांनी ठेका धरतो. ते गाणे पुन्हा ऐकावेसे वाटले, तर आज फोनवर चटकन ऐकता येते. शंभर वर्षांपूर्वी असे फोन नव्हते. दूरदर्शन नव्हते. रेडिओही घरोघरी पोचला नव्हता. मग आवडलेले गाणे लोक घरी कसे बरे ऐकत असतील?

कोणी स्वतः म्हणत. कोणी पेटीवर, सारंगीवर वाजवत. काही घरांत ग्रामोफोनची तबकडी लावत. आणि काही देशांत तर लोक गाणे चक्क कागदावरून वाजवत! ती गंमत पाहायला आपल्याला जरा दूर जावे लागेल.

इंग्लंडची राजधानी लंडन. लंडनच्या पश्चिमेला हाउन्सलो नावाचा भाग आहे. हीथ्रो विमानतळ अगदी जवळ असल्यामुळे येथे घरांच्या छपरांवरून विमाने सारखी जात असतात. एका शाळेच्या आवारात तर मातीच्या पोत्यांचे घुमट बांधले आहेत. मुले त्यांत बसली, की विमानांचा आवाज कमी ऐकू येतो. भारतातून गेलेली पुष्कळ कुटुंबे या भागात राहतात. त्यांत पंजाबी आहेत, गुजराती आहेत आणि आपली मराठी माणसेही आहेत.

हाउन्सलोच्या हद्दीतच थेम्स नदीच्या काठी ब्रेंटफर्ड हे गाव आहे. तेथे हमरस्त्यावर 'म्युझिकल म्युझियम' नावाचे वाद्यांचे संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटले, की आपल्याला काचेच्या कपाटातल्या गप्प वस्तू आठवतात. येथे तसे नाही. येथली पुष्कळशी वाद्ये वाजतात. आणि तीही आपली आपण!

त्यांतला पियानोला पाहा. हा पियानोच, पण त्याच्या पुढच्या बाजूला एक छोटी खिडकी असते. त्या खिडकीत कागदाची गुंडाळी बसवलेली असते. कागदावर अक्षर नाही, चित्र नाही. आहेत ती नुसती भोके. काही भोके टिकलीएवढी, काही लांबट फटींसारखी. वाजवणारा पायांनी पावटे दाबू लागतो. कागद हळूहळू एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गुंडाळला जातो आणि पियानोच्या पट्ट्या आपोआप खाली-वर होऊ लागतात. पाहणाऱ्याला वाटते, कोणी अदृश्य माणूस बसून वाजवतो आहे!

हे होते कसे? तुम्ही हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी, पाहिली असेलच. पेटीचा भाता हलवला, की हवा आत भरते आणि पट्टी दाबली, की ती पितळेच्या पातळ पात्यावरून बाहेर पडते. पाते थरथरते, सूर निघतो. पियानोलातही भातेच असतात. पण त्यांचे काम उलटे. ते हवा बाहेर ढकलत नाहीत, आत ओढतात. कागदाच्या मागे एक आडवी पट्टी असते. तिला ओळीने छिद्रे असतात. पियानोच्या 88 पट्ट्या, म्हणून छिद्रेही 88. एरवी ही छिद्रे कागदाने झाकलेली असतात. सरकता सरकता कागदातले भोक छिद्रासमोर आले, की तेथून हवा आत शिरते. त्या हवेने एक छोटी झडप उघडते, एक चिमुकला भाता मिटतो, हातोडी उडते आणि तारेवर बसते. टण्! एक स्वर वाजला.

भोक डावीकडे असेल तर खालचा, जाड स्वर. उजवीकडे असेल तर वरचा, बारीक स्वर. टिकलीएवढे भोक म्हणजे तुटक स्वर आणि लांब फट म्हणजे लांबवलेला स्वर. कागद म्हणजे जणू गाण्याचा नकाशाच!

'मग माणसाला कामच काय उरले?' असे तुम्ही विचाराल. काम उरले होते. गाणे जलद न्यायचे की सावकाश, हळू वाजवायचे की जोराने, हे पियानोला वाजवणाऱ्याच्या हातात आणि पायांत असे. त्यासाठी दांड्या बसवलेल्या असत. त्यामुळे एकच गुंडाळी दोघांनी वाजवली, तर दोन निराळी गाणी वाटत. एकाचे ऐकताना पाय थिरकत, तर दुसऱ्याचे ऐकताना जांभई येई. 1904 साली जर्मनीतल्या वेल्टे कंपनीने तर आणखी पुढची करामत केली. मोठमोठ्या वादकांना बोलावून त्यांच्या वाजवण्यातले बारकावे तिने कागदावर उतरवून घेतले. ते वादक आज हयात नाहीत; पण गुंडाळी लावली, की त्यांचे वाजवणे आजही ऐकू येते.

पुढे ग्रामोफोन स्वस्त झाला. हाउन्सलोच्या शेजारी हेज नावाचे गाव आहे. तेथे 1907 पासून ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला. मग रेडिओ आला. पायांनी भाता कोण चालवत बसणार? पियानोला मागे पडले. कोणी ते अडगळीत टाकले, कोणी मोडीत काढले. गुंडाळ्या तर रद्दीच झाल्या.

फ्रँक हॉलंड नावाच्या एका गृहस्थांना मात्र ही वाद्ये फार आवडत. नको झालेली वाद्ये ते गोळा करू लागले. ठेवायची कोठे? ब्रेंटफर्डमध्ये एक रिकामे पडलेले चर्च होते. 1963 साली त्यांनी तेथे हे संग्रहालय सुरू केले. जागा मोठी होती, पण ओलसर. आणि ओल ही या वाद्यांची वैरीण! ओलीने कागद फुगतो, चामडे सडते, लाकूड वाकते. तरी वाद्ये दुरुस्त करायची, चालती ठेवायची आणि येईल त्याला वाजवून दाखवायची, हा क्रम चालूच राहिला. पुढे अनेक माणसे या कामात मिळाली. आज संग्रहालय त्याच रस्त्यावर स्वतःच्या नव्या इमारतीत आहे. 2007 साली ते तेथे गेले. ही इमारत पाहायला हॉलंड मात्र राहिले नव्हते.

या इमारतीत एक सभागृह आहे. सभागृहातले सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे वुर्लिट्झर ऑर्गन. हा ऑर्गन सिनेमागृहातला आहे. सिनेमागृहात वाद्य कशाला, असे वाटले ना?

पहिले सिनेमे मुके होते. पडद्यावर माणसे बोलत, पण ऐकू काहीच येत नसे. हाउन्सलोच्या हद्दीतल्या आयझलवर्थ गावात 1914 साली शेरलॉक होम्स या गुप्तहेराच्या गोष्टीवर एक चित्रपट तयार झाला. तोही असाच मुका. अशा मूकपटांना साथ म्हणून सिनेमागृहात कोणी पियानो वाजवी, कोठे वादकांचा ताफा बसे. मोठ्या सिनेमागृहांत ऑर्गन असे. त्यातून नुसते सूरच नव्हे, तर आगगाडीची शिट्टी, घोड्याच्या टापा, पाखरांची किलबिल असेही आवाज काढता येत. आपल्याकडे हेच काम पेटी-तबलेवाले करीत. पडद्यावर लढाई सुरू झाली, की तबल्याची लय वाढे आणि राजा वनवासाला निघाला, की पेटी रडू लागे!

आता भोकांची दुसरी गंमत ऐका. आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट 'राजा हरिश्चंद्र'. तो 1913 साली दादासाहेब फाळके यांनी काढला. त्याआधी 1912 साली दादासाहेब लंडनला गेले होते. थेम्सच्याच काठी, ब्रेंटफर्डच्या वरच्या अंगाला वॉल्टन हे गाव आहे. तेथील सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी चित्रपट कसा करतात ते पाहिले. परत येताना त्यांनी कॅमेरा आणला आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही आणले. त्या काळी कोरी फिल्म बिनभोकांची मिळे. कडेची भोके दात्यांत अडकल्याशिवाय फिल्म नीट सरकणार नाही आणि चित्र हलणार नाही. फिल्मला उजेड तर अजिबात चालत नाही. म्हणून दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातल्या अंधाऱ्या खोलीत बसून भोके पाडीत. दिवसभर घरकाम आणि रात्री हे काम! सरस्वतीबाईंचे नाव पडद्यावर आले नाही; पण त्या भोकांवरच 'राजा हरिश्चंद्र' चालला.

दादासाहेबांची सुरुवातही घरातच झाली होती. कुंडीत वाटाण्याचा दाणा रुजत घालून त्यांनी रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर पाहताना वाटे, दाण्याला कोंब फुटून त्याचा वेल झरझर वाढतो आहे.

1931 साली आपल्याकडे 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला. पडदा बोलू लागला, गाऊ लागला. प्रेक्षक खूश झाले. पण पडद्याशेजारच्या पेटी-तबलेवाल्यांचे काम गेले. इंग्लंडमधल्या सिनेमागृहांतल्या हजारो वादकांचेही तेच झाले. ऑर्गन तेवढे टिकले. ब्रेंटफर्डचा वुर्लिट्झर 1932 साली किंग्स्टनच्या 'रीगल' सिनेमागृहात बसवला, तेव्हा सिनेमा बोलू लागला होता. म्हणून तो खेळाच्या आधी आणि मध्यंतरात वाजे. वादक ऑर्गनसह खालून अलगद वर येई. संग्रहालयाच्या सभागृहातही तो असाच जमिनीतून वर येतो आणि मुले 'ओहो!' करतात.

त्याच 1932 साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. पण फाळक्यांचा हरिश्चंद्र मुका होता, हा गात होता! हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे आणि चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. गोविंदराव मूळचे पेटीवादक. पेटी ते बरेचसे स्वतःच्या हिमतीवर शिकले. मोठ्या गवयांचे गाणे कान देऊन ऐकायचे आणि ते सूर पेटीवर शोधायचे, असा त्यांचा नाद. पुढे भास्करबुवा बखले यांच्या सहवासात त्यांचे वादन खुलले. त्या दिवसांत गाणे आधी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यापुढे उभा राहून खरेच गाई आणि साथीचे वादक चित्रात दिसणार नाहीत असे आडोशाला बसत.

हाउन्सलोकडे पुन्हा येऊ. तेथून जवळच साउथॉल आहे. भारतीय मजुरांच्या संघटनेने 1965 साली तेथील 'डोमिनियन' हे सिनेमागृह विकत घेतले. शनिवार-रविवारी दूरदूरची कुटुंबे तेथे हिंदी चित्रपट पाहायला जमत. परक्या देशात आपली भाषा, आपली गाणी ऐकायला मिळण्याचे ते ठिकाण होते. पुढे घरोघरी व्हिडिओ आला आणि सिनेमागृहे ओस पडू लागली. पण सणावारी पेटी-तबला काढून जुन्या चित्रपटांतली गाणी म्हणण्याची हौस काही संपली नाही. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे. तेही 1932 सालचेच! तेथे गणपतीत आरत्या होतात, गाणी होतात.

तुम्हांलाही घरी असे वाजवता येईल. पेटी नसली तर बासरी, खेळण्यातला पियानो, पाण्याचे पेले, काहीही चालेल. आवडत्या गाण्याची पहिली ओळ घ्या. एकदम सगळे गाणे घेऊ नका. ओळ सावकाश गुणगुणा. पहिला सूर कोणत्या पट्टीवर जुळतो ते शोधा. पुढचा सूर वर गेला, खाली आला की तेथेच राहिला? एवढेच कानाला विचारा. चुकला तर शेजारची पट्टी दाबून पाहा. एका ओळीला कधी कधी सारी दुपार लागते. लागू द्या.

ओळ सापडली, की गणिताची चौकटींची वही घ्या. प्रत्येक पट्टीला एक उभी ओळ द्या. वाजलेल्या सुराची चौकट रंगवा. सूर लांब असेल तर खालच्या दोन-तीन चौकटीही रंगवा. मग त्याखाली पुढचा सूर. झाली तुमची पियानोलाची गुंडाळी! आता ती शेजारच्या मित्राला द्या. गाणे कोणते ते सांगू नका. मोजपट्टी पानावर आडवी ठेवून एक एक ओळ खाली सरकवायची आणि रंगवलेल्या चौकटीची पट्टी वाजवायची, एवढेच त्याला सांगा. त्याने गाणे ओळखले तर वही जपून ठेवा. नाही ओळखले तर लांब सुरांच्या चौकटी पुन्हा मोजून पाहा; चूक बहुधा तेथेच सापडेल.

स्वाध्याय

1. पियानोलातील भाता आणि पेटीतील भाता यांत काय फरक आहे?
2. फ्रँक हॉलंड यांच्या संग्रहालयाला ओल का बाधत होती?
3. सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून कोणते काम करीत? का?
4. बोलपट आल्यामुळे कोणाचे काम गेले? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?
5. तुमच्या आजी-आजोबांनी पहिला सिनेमा कोठे पाहिला, त्यातले कोणते गाणे त्यांना अजून येते, ते विचारा आणि वर्गात म्हणून दाखवा.