चिलखताची पारख



शौल राजानें आपलें चिलखत दावीदाच्या अंगावर चढविलें, तेव्हां त्या मेंढपाळाच्या पोरानें तें उतरून ठेविलें. कारण त्यानें तें पूर्वीं वापरून पाहिलें नव्हतें. ही गोष्ट आमच्या मंडळ्यांतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु चिलखत पारखावयाचें कसें, व शस्त्राच्या आघातापुढें तें कितपत टिकतें, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो आज आपण करूं. त्यासाठीं सातारकरांस दूर जावयास नको.

ता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजी महाराज व विजापूरचा सरदार अफझलखान ह्यांची भेट झाली. तत्पूर्वीं खानाची छावणी वांईस होती. मराठी बखरी सांगतात कीं, महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत घातलें होतें व डोक्यासही लोखंडाचें संरक्षण होतें. खानानें आलिंगन देतांना त्यांची मान काखेंत दाबली व कुशींत शस्त्र मारिलें. परंतु तें चिलखतावरून घसरलें. उलटपक्षीं खानाच्या अंगावर पातळ मलमलीचा झगा होता, असें पूर्वीं साताऱ्यास असलेला कंपनी सरकारचा अधिकारी ग्रँट डफ आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत लिहितो. त्या भेटीचा शेवट सर्वांस विदित आहे.

ह्यावरून चिलखत घातलें कीं मनुष्य निर्भय झाला, असें कोणी समजूं नये. कडीच्या चिलखतांत प्रत्येक कडी बहुधा शेजारच्या चार कड्यांत गुंतविलेली असते, व चांगल्या चिलखतांत तिचीं टोकें खिळ्यानें पक्कीं केलेलीं असतात. तरवारीची धार एका वेळीं पुष्कळ कड्यांवर पडते, म्हणून तिचा जोर वांटला जातो. उरलेला धक्का आंतील कापसाची गादी सोसते. टोंकदार शस्त्राची गोष्ट निराळी. गोणपाटावर अंगठा दाबला तर तो आंत जात नाहीं, पण तितक्याच जोरानें दाभण दाबली तर ती आरपार जाते. अणकुचीदार टोंक एकाच कडींत शिरतें व सारा जोर तिच्यावरच खर्च करून तिला फोडतें. ह्याचसाठीं आपल्या देशांतील लोहार पुष्कळ कट्यारींचें टोंक मुद्दाम जाड व भक्कम करीत. मग प्रतापगडास शस्त्र घसरलें कां? आम्हांस असें वाटतें कीं, मिठींत हात पुरता मागें नेतां येत नाहीं, व घाव सरळ न बसतां तिरपा बसतो. अर्थात् हें आमचें अनुमान होय.

अलीकडील विद्वानांनीं ही पारख मोजमापानें केली आहे. आघाताचा जोर ज्यूल ह्या मापानें मोजतात. एक किलो वजनाचा दगड सुमारें दहा सेंटीमीटरवरून पडला म्हणजे एक ज्यूल जोर होतो. अॅलन विल्यम्स ह्या इंग्रज संशोधकानें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तरवारीच्या किंवा कुऱ्हाडीच्या घावाचा जोर सुमारें ६० ते १३० ज्यूल धरला आहे. गादीसह कडीचें चिलखत भेदावयास बाणास सुमारें १२० ज्यूल लागतात, असें त्यास आढळलें. आतां ६० ग्रॅमचा बाण सेकंदास ५० मीटर वेगानें आला, तर त्याचा जोर ७५ ज्यूल होतो; परंतु ३० ग्रॅमची गोळी सेकंदास ४५० मीटर वेगानें आली, तर तिचा जोर सुमारें ३,००० ज्यूल होतो, म्हणजे बाणाच्या चाळीसपट! ५० किलोचें ज्वारीचें पोतें सहा मीटर उंचीवरून पडावें, तितका हा आघात.

ऑस्ट्रिया देशांतील ग्राट्स येथील शस्त्रागारांतल्या जुन्या बंदुका १९८८-८९ सालीं झाडून पाहण्यांत आल्या. सुमारें ३ मिलिमीटर जाडीच्या एका जुन्या उरस्त्राणास पिस्तुलाच्या गोळीनें भोंक पाडलें खरें, परंतु मागील तागाचें कापड तिच्यानें फाटलें नाहीं. तिचा जोर पत्र्यांतच संपला. पूर्वीं युरोपांतील कारागीर विक्रीपूर्वीं उरस्त्राणावर गोळी झाडून पाहत, व तिचा खळगा तसाच ठेवीत. तो खळगा म्हणजे व्यंग नव्हे. तीच पारखेची साक्ष असे.

पुढें बंदुकीपुढें चिलखत मागें पडलें, व राज्यें गेल्यावर शस्त्रांचा धंदाही बसला. सांगली जिल्ह्यांतील मिरजेस शस्त्रांना पाणी व धार देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकांत सतार व तंबोरा करण्यास आरंभ केला. हत्यारें पारखणारे हात सूर पारखूं लागले! मिरजेच्या त्या वाद्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें साताऱ्याच्या संग्रहालयांत पाहावयास ठेविलीं होतीं. तींच प्रतापगडचीं, असें पुष्कळांनीं मानिलें. परंतु तसें सिद्ध करितां येत नाहीं, हें खुद्द लंडनच्या संग्रहालयानेंच सांगितलें आहे. जशी लोखंडाची, तशीच ऐकीव गोष्टीचीही पारख करावी लागते.

अहाब राजा वेष पालटून, चिलखत घालून युद्धांत उतरला, तरी बाण सांध्यांतूनच शिरला. म्हणून उपदेशकांनीं वर्गांत हें अवश्य सांगावें: चिलखताची बळकटी त्याच्या सर्वांत जाड भागावरून मोजूं नये, तर सांध्यावरून मोजावी, आणि ती लढाईच्या दिवशीं नव्हे, तर घरीं, शांततेच्या काळीं मोजावी.