पर्लकोटेचा पूर आणि एक लोखंडी चमचा

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तिन्ही नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात इंद्रावती फुगली की तिचा फुगवटा पर्लकोटेत चढतो, पुलावरून पाणी जातं आणि आलापल्लीचा रस्ता बंद होतो. मग बस नाही, भाजी नाही, वर्तमानपत्र नाही. वीज आणि मोबाइलची रेंजही बहुतेक वेळा त्यांच्याच मागे जाते. मी इथे अकरा वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा अधीक्षक आहे. २०१९च्या पावसाळ्यात तर पाणी थेट बाजारपेठेत शिरलं होतं. त्या दिवसांत नागपूरच्या एका मित्राने पेन ड्राइव्हमध्ये भरून दिलेला एक जुना फ्रेंच सिनेमा मी पाहिला. रोबेर ब्रेसाँ या दिग्दर्शकाचा, १९५६चा, कृष्णधवल. नावाचा अर्थ साधारण असा : मृत्युदंडाचा कैदी निसटला.

त्यानंतर तो सहा-सात वेळा तरी पाहिला असेन. दरवेळी काही ना काही पदरात पडलं, ते लिहून ठेवतो.

१. शेवट आधीच सांगितला तरी काही बिघडत नाही.

सिनेमाचं नावच शेवट सांगून मोकळं होतं. फाँतेन नावाचा फ्रेंच लेफ्टनंट दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटणार, हे पहिल्या मिनिटाला कळतं. तरीही शंभर मिनिटं श्वास रोखून बसावं लागतं. ‘काय होणार’ हा प्रश्न मिटला की ‘कसं होणार’ याकडे नीट लक्ष जातं. आमच्याकडे गोष्ट सांगणारी म्हातारी माणसं हेच करतात. वाघ मरणार हे सगळ्या पोरांना पाठ असतं, तरी एकही पोर उठून जात नाही.

२. भिंतीपलीकडचं कानांनी दिसतं.

कॅमेरा कोठडी फारशी सोडत नाही. बाहेरचं जग येतं ते आवाजातून. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर आपटत जाणारी किल्ली, खडीवरचे बूट, दुरून जाणारी आगगाडी. शेवटच्या रात्री फाँतेन अंधारात दबून बसलेला असताना कुठून तरी एक करकर येत राहते. ती कशाची, हे ना त्याला कळत ना आपल्याला. मग दिसतं की पहारेकरी भिंतींच्या मधल्या वाटेवर सायकलने फेऱ्या मारतोय. एवढीशी गोष्ट, पण त्या करकरीचं कोडं सुटेपर्यंत माझ्या हाताला घाम सुटला होता.

पुरात वीज जाते तेव्हा आमच्या वसतिगृहातही हेच होतं. एका रात्री मी कंदील घेऊन खोल्यांमधून फिरत होतो. पांघरुणातून एका मुलाचा आवाज आला, “सर, पाणी उतरतंय.” नदी तिथून दिसत नाही. मी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, “आवाज जाड झाला होता, आता पातळ झाला.” सकाळी जाऊन पाहिलं तर आम्ही रोवलेल्या काठीवरची गाळाची खूण पाण्याच्या दीड हात वर होती. इतकी वर्षं मी त्या नदीजवळ राहतो, पण तिचा आवाज जाड-पातळ होतो हे मला त्या दिवशी कळलं.

३. हाताशी आहे त्याच वस्तूकडे पुन्हा बघायचं.

सगळ्यात जास्त वेळ मी इथे थांबतो. फाँतेनच्या कोठडीचं दार ओकच्या फळ्यांचं आहे. ओक म्हणजे आपल्याकडचा साग समजा. रोज त्या दाराकडे बघून बघून त्याच्या लक्षात येतं की फळ्या पक्क्या आहेत, पण त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या मऊ लाकडाच्या आहेत. जेवणाबरोबर आलेला एक लोखंडी चमचा तो परत देत नाही. फरशीवर घासून घासून त्याची पटाशी करतो आणि जोडपट्टी कोरायला लागतो. दोन-चार वेळा कोरायचं, थांबायचं, ऐकायचं. खाली पडलेला भुसा गोळा करायचा. शिपायाने आत पाहिलं तर दार शाबूत दिसलं पाहिजे. यात दिवसांमागून दिवस जातात. पुढे चमचा मोडतो, दुसरा मिळवावा लागतो.

दोर करतानाही तसंच. गादीची खोळ आणि कपडे फाडून पट्ट्या, त्यांना पीळ, आणि ताकद यावी म्हणून खाटेच्या जाळीची तार. दिव्याच्या चौकटीतून आकडे. ब्रेसाँ चेहऱ्यापेक्षा हात जास्त दाखवतो. फाँतेनचं काम करणारा फ्रांस्वा लतेरिए नट नव्हता, तत्त्वज्ञान शिकणारा विद्यार्थी होता. त्यामुळे तो दुःख ‘करून’ दाखवत नाही, दोर वळतो.

वसतिगृहातल्या माझ्या मुलांचे आजोबा पळसाच्या मुळ्या ठेचून वाख काढतात आणि मांडीवर दोर वळतात. मी ते शंभर वेळा पाहिलं होतं आणि ‘हस्तकला’ म्हणून अहवालात लिहिलंही होतं. सिनेमा पाहिल्यावर पहिल्यांदा एका आजोबांशेजारी बसून विचारलं, हा किती वजन पेलेल? त्यांनी दोर दोन्ही हातांत ताणला, कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, “एक बैल.” तिथेही कानच.

४. फसलेला प्रयत्न पुढच्याला वाट दाखवतो.

तुरुंगातला ओर्सिनी नावाचा कैदी घाईने पळू बघतो, पकडला जातो आणि गोळी खातो. पण मरण्याआधी फाँतेनला सांगून जातो की दुसऱ्या भिंतीला आकडे लागतील. शेजारच्या कोठडीतला म्हातारा पुढे फाँतेनला सुचवतो की ओर्सिनीचं फसणं तुझ्या सुटण्यासाठी गरजेचं होतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण आहे खरं.

सिनेमातली ही गोष्ट खरी घडलेली आहे. आंद्रे देविन्यी हा अधिकारी ल्यों शहरातल्या माँल्युक तुरुंगातून ऑगस्ट १९४३मध्ये निसटला. त्या तुरुंगात दहा हजार माणसांनी छळ सोसला आणि त्यांतली सात हजार गेली, असं सांगणारी पाटी सिनेमाच्या सुरुवातीलाच दिसते. स्वतः ब्रेसाँही युद्धात जर्मनांचा कैदी होता.

तारीख वाचून मी थबकलो, कारण त्याच्या महिनाभर आधी, २४ जुलै १९४३ला, आपल्या सांगलीचा तुरुंग फुटला होता. स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार बाहेर पडले, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. पुढे ते मुख्यमंत्री झाले एवढंच पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या मुलाला माहीत असतं. पत्रावळे आणि जाधव ही नावं मी आता वर्गात मुद्दाम घेतो. तसंच फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकरांचं. १९७१च्या युद्धात ते पाकिस्तानचे कैदी झाले. ऑगस्ट १९७२मध्ये ग्रेवाल आणि सिंहजी या दोन साथीदारांबरोबर रावळपिंडीच्या कैदी छावणीची भिंत पोखरून बाहेर पडले आणि अफगाण सीमेच्या तोंडाशी, लंडीकोतलला, पकडले गेले. त्यांनी लंडीखाना स्टेशनची वाट विचारली होती, आणि ते स्टेशन १९३२पासून बंद होतं. चाळीस वर्षांपूर्वी गाडी थांबलेलं एक स्टेशन नकाशावर राहून गेलं आणि तिघांची सुटका तिथे अडली.

आमच्या मुलांना तुरुंग म्हटलं की चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, तुरुंग आठवतो आणि इंग्रजांविरुद्ध लढून २१ ऑक्टोबर १८५८ला तिथे फाशी गेलेले वीर बाबुराव शेडमाके. त्यांच्या नावाला इथे माणसं आजही हात जोडतात.

५. किल्ल्या आपल्या कमरेला असतील तर हा सिनेमा वेगळा दिसतो.

हे लिहायला मला वेळ लागला. फाँतेनसाठी जीव टांगणीला लागलेला असताना एका रात्री जाणवलं की माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे आणि चालताना तो वाजतो.

वसतिगृहातून मुलं पळतात. लहान मुलं, पहिल्यांदा घर सोडलेली, शाळेची भाषा न कळणारी. मी सिनेमा पाहिला त्याआधीच्या वर्षी सातवीतला एक मुलगा असाच गेला होता. बावीस किलोमीटर, मध्ये दोन नाले, पाऊस. तो घरी सुखरूप पोहोचला हे कळेपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तो परत आल्यावर मी ओरडलो आणि रात्री फाटकाला दुसरं कुलूप लावलं. त्याला एक शब्दही विचारला नाही.

सिनेमा पाहिल्यानंतर विचारलं. वर्ष उलटून गेलं होतं. त्याने अगदी शांतपणे सांगितलं. चौकीदार रात्री दोनदा फिरतो, दुसऱ्या फेरीनंतर खोकतो आणि मग झोपतो. तो खोकला ऐकायला त्याने चार रात्री जागून काढल्या होत्या. चपला हातात घेतल्या होत्या, कारण अंगणात खडी आहे. फाँतेनही खडी ओलांडताना आगगाडीच्या आवाजाची वाट बघतो. मी विचारलं, का गेलास? म्हणाला, “घरी पंडुम होता. नवं धान्य खायचं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

मी नाही म्हणालो असतो, हे खरं होतं. दुसरं कुलूप मी काढलं. पंडुमाच्या, म्हणजे त्यांच्या सणांच्या, तारखा आता मुलांकडून विचारून कार्यालयातल्या दिनदर्शिकेवर लिहितो आणि पालकांना आधी निरोप धाडतो. मुलं अजूनही पळतात, पण कमी.

६. शेवटची भिंत एकट्याने चढता येत नाही.

सगळी तयारी झालेली असताना फाँतेनच्या कोठडीत योस्त नावाचा पोरगा आणून टाकतात. सोळा वर्षांचा, अंगावर अर्धा जर्मन गणवेश. हा खबऱ्या असेल का? फाँतेनपुढे दोनच वाटा आहेत : त्याला मारायचं किंवा बरोबर घ्यायचं. तो विश्वास ठेवतो. आणि बाहेर एका भिंतीशी आल्यावर त्याला कळतं की ती एकट्याने चढणं शक्यच नव्हतं, योस्त होता म्हणून जमलं. ज्याला तो अडचण समजत होता त्याच्याच आधाराने तो वर गेला. या प्रसंगावर मला जास्त बोलवत नाही.

७. मुलांना दाखवताना गप्प बसायचं.

पुढच्या एका पावसाळ्यात, रस्ता बंद असताना, भिंतीवर चादर ताणून हा सिनेमा मोठ्या मुलांना दाखवला. आधी मन धजत नव्हतं. वाटेत एका पहारेकऱ्याला मारावं लागतं, आणि आमच्या मुलांच्या गावांनी नक्षलवादी आणि पोलीस अशा दोन्हीकडच्या बंदुका पाहिल्यात. ब्रेसाँ ते मारणं दाखवत नाही. फाँतेन भिंतीच्या कोपऱ्यामागे जातो आणि पडदा रिकामा राहतो. तिथे खोलीत कुणी हललं नाही. नंतर एकाने विचारलं, “त्या पहारेकऱ्याचं नाव काय होतं?” सिनेमात त्याला नाव नाही. मी तसं सांगितलं.

पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी भाषांतराच्या ओळी मी मराठीत सांगत होतो आणि पुढे बसलेल्या लहानग्यांसाठी तोच पळालेला मुलगा, आता दहावीतला, त्या त्यांच्या माडिया भाषेत सांगत होता. शेवटी बाहेर पडल्यावर योस्तला आपल्या आईची आठवण होते. दोघं अंधारात चालू लागतात, वाफेचा लोट येतो आणि सिनेमा संपतो. एका चिमुरड्याने विचारलं, तो पोरगा आईकडे पोहोचला का?

मी म्हणालो, “दाखवलेलं नाही.” दहावीतल्या मुलाने ते माडियात सांगायला सुरुवात केली आणि बराच वेळ सांगत राहिला. मला माडिया कामापुरती येते. त्यातले नाला, आई आणि चपला एवढे तीन शब्द मला कळले.