संकेतस्थळावरचा पत्ता यंत्राला कळावा म्हणून

व्यापारी बंधूंनो, आपल्यापैकी पुष्कळांनी दुकानाचे संकेतस्थळ करून घेतले आहे. त्यावर 'बाजारपेठ, मालवण, जि. सिंधुदुर्ग' एवढे छापले की काम झाले, असे आपण धरतो. पण हल्ली गिऱ्हाइकाच्या आधी शोधयंत्र पान वाचते, आणि त्याचा घोटाळा 'सिंधुदुर्ग' या शब्दापाशीच सुरू होतो. मालवणच्या समुद्रातला किल्ला सिंधुदुर्ग, १९८१ साली झालेला जिल्हा सिंधुदुर्ग आणि ओरोसजवळचे कोकण रेल्वेचे स्टेशनही सिंधुदुर्गच! शिवाय इंग्रजीत मालवण कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने.

कापडाच्या थानावर नुसते '४४' आणि '२०' लिहिले तर पन्हा कोणता आणि लांबी कोणती, हे नव्या नोकराला कसे कळावे? म्हणून आपण चिठ्ठी लावतो. २००५ साली पुढे आलेले 'मायक्रोफॉरमॅट' म्हणजे अशीच चिठ्ठी. पानावर दिसणारा मजकूर बदलत नाही. त्यामागच्या संकेतलिपीत प्रत्येक तुकड्याला 'क्लास' म्हणून एक नाव जोडतात. संपूर्ण पत्त्याला 'एच-कार्ड', दुकानाच्या नावाला 'पी-नेम', गावाला 'पी-लोकॅलिटी', पिनकोडला 'पी-पोस्टल-कोड'. ही नावे अर्थातच रोमन लिपीत टाईप करावी लागतात.

२०११ साली गुगल, बिंग व याहू यांनी मिळून 'स्कीमा डॉट ऑर्ग' ही शब्दावली काढली. शोधयंत्रात दिसण्यासाठी आज तीच अधिक कामाची. दुकानासाठी तिच्यात 'लोकल बिझनेस' हा प्रकार आहे. संकेतस्थळ बनवणाऱ्याकडे तो नाव घेऊन मागावा.

पिनकोड जरूर द्यावा, मालवणचा ४१६६०६. परंतु १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेला हा आकडा टपालाच्या वाटपासाठी आहे, त्याने दुकानाचा उंबरठा सापडत नाही. त्याकरिता अक्षांश-रेखांश हवेत, आणि खरी गफलत इथेच होते.

अक्षांश आणि रेखांश आपापल्या नावाखालीच लिहावेत. मालवणचा अक्षांश साधारण १६.०६ उत्तर, रेखांश ७३.४७ पूर्व. यांची अदलाबदल झाली तर दुकान नॉर्वेच्या उत्तरेला थंड समुद्रात जाऊन पडते! दुसरे, जुन्या नकाशांवर अंश व मिनिटे असतात. १६ अंश ३ मिनिटे म्हणजे १६.०३ नव्हे, तर १६.०५, कारण अंशाची मिनिटे साठ. एवढ्याशा चुकीने गिऱ्हाईक दोन किलोमीटर दूर उतरते. शोधयंत्रासाठी दशांशापुढे पाच आकडे द्यावेत, म्हणजे फरक मीटरभराचा राहतो. संकेतलिपीत हे आकडे इंग्रजी अंकांतच असावेत. आपले देवनागरी किंवा उर्दू अंक यंत्र तिथे धरत नाही.

मात्र ज्यांचा धंदा घरातूनच चालतो, शिवणकाम असो, मसाला असो की काजू फोडणे असो, त्यांनी अक्षांश-रेखांश देण्यापूर्वी घरात विचारून घ्यावे. पाच दशांशांचा आकडा म्हणजे अनोळखी माणसाला थेट आपल्या दारापर्यंतचा रस्ता. त्यांनी गाव व पिनकोड एवढेच लिहावे, आणि माल न्यायला बाजारातल्या एखाद्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता, त्या मालकाला विचारून, द्यावा.