गुप्त वैरी : ओळख आणि वर्तन

कारंजा नगरीच्या जुन्या वेशींची नावे दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशी आहेत. ज्या वाटेने माणूस येई, त्या वाटेचे नाव वेशीला मिळाले. इ.स. १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे सैन्य मोगली अमलातील या संपन्न पेठेवर आले, तेव्हा ते उघडपणे आले. कोण आले व कशासाठी आले, याविषयी नगरातील कोणाही धनिकाच्या मनात संदेह उरला नाही. वेस, तट, पहारा ही सर्व योजना अशा उघड येणाऱ्यासाठी असते. परंतु जो हात जोडून येतो, ओसरीवर बसतो, घरच्यांची विचारपूस करतो आणि आपलाच म्हणून आत वावरतो, त्याच्यासाठी वेस कोठे बांधावी, हा प्रश्न कारंजातच काय, कोणत्याही नगरात सुटलेला नाही. या गुप्त वैऱ्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या विषयाचे ठळक उदाहरण श्रीचक्रधरस्वामींच्या अवतारकाळातच देवगिरीवर घडले. महादेवराय यादवाच्या पश्चात त्याचा पुत्र आमण गादीवर आला. नृत्यगायनाची त्याला विशेष आवड होती. इ.स. १२७१ मध्ये त्याचा चुलतभाऊ रामचंद्र नर्तकांच्या ताफ्याचे सोंग घेऊन गडात शिरला आणि आमणाला पकडून स्वतः राजा झाला. ज्या गडाच्या कड्यावर शत्रूला चढता येत नव्हते, त्या गडाचे दार राजाच्या आवडीनेच उघडले. पुढे आमणाचे डोळे काढले गेले, असा उल्लेख महानुभाव वाङ्मयात येतो.

याची पुढील बाजू अधिक विचारणीय आहे. सोंग घेऊन राज्य मिळविणाऱ्या या राजाला तरी दुसऱ्याचे सोंग ओळखता यावे, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. परंतु पंचवीस वर्षांनी, इ.स. १२९६ मध्ये, कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन खलजी आपल्या वऱ्हाडातील अचलपुरास येऊन थांबला. आपण चुलत्याशी बिनसल्यामुळे राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीस निघालो आहोत, अशी वार्ता त्याने पसरविली, असे फिरिश्ता लिहितो. त्या वार्तेची शहानिशा झाली नाही. रामदेवरायाची मुख्य सेना राजपुत्राबरोबर दूर होती. अकस्मात वेढा पडला तेव्हा कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती घाईने गडावर नेण्यात आली. ती धान्याची समजून नेली, आणि उघडली तेव्हा आत मीठ निघाले. स्वतः कपट केल्याने कपट ओळखण्याची दृष्टी येते, हा समज किती पोकळ आहे, हे येथे दिसते. किंबहुना आपण दुसऱ्याला फसवू शकलो, या अभिमानाने मनुष्य अधिकच आंधळा होतो.

आता या घटनांत उणे कशाचे पडले? बुद्धीचे नव्हे, शौर्याचेही नव्हे. जे कळले ते एकाच मुखातून कळले आणि ते दुसऱ्या कोणाला विचारले गेले नाही, एवढेच उणे पडले. पोत्याला हात घालून पाहण्यास किती वेळ लागला असता?

केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टान्तपाठातील हत्ती आणि आंधळे हा दृष्टान्त सर्वांस परिचित आहे. ज्याच्या हाती कान आला त्याला हत्ती सुपासारखा वाटला, ज्याच्या हाती पाय आला त्याला खांबासारखा. सर्व अवयव एकत्र जाणणारा डोळस मात्र हत्ती ओळखतो. या दृष्टान्ताचा मुख्य अर्थ ज्ञानविषयक आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. तो व्यवहारात ओढून मूळ अर्थाला बाध आणू नये. तथापि व्यवहारातही त्याची सावली पडते. गुप्त वैरी प्रत्येकाच्या हाती स्वतःचा एकच अवयव देतो. थोरल्या भावापाशी तो धाकट्याविषयी कळवळा दाखवितो, धाकट्यापाशी थोरल्याविषयी शंका. सुनेजवळ त्याची भाषा एक, सासूजवळ दुसरी. प्रत्येकाचा अनुभव खरा असतो, पण अपुरा असतो. म्हणून त्याच्या मुद्रेकडे कितीही निरखून पाहिले तरी तो ओळखू येत नाही. चार जणांनी आपापल्या हाती काय लागले ते एकत्र बसून सांगितले, की तो ओळखू येतो. हे तोही जाणतो, आणि म्हणून ते चौघे एकत्र बसू नयेत, यासाठीच त्याचे सर्व कौशल्य खर्ची पडते.

कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या भागातील एखाद्या वासनिक कुटुंबाची कल्पना करावी. कपाशीने दगा दिला, तुरीला भाव नाही, आणि मुलीचे लग्न ठरले आहे. अशा वेळी एक परिचित गृहस्थ घरी येतो. तो म्हणतो, “दादा, पैशाची काळजी करू नका. फक्त विश्वासाखातर एक कागद करून ठेवू. पैसे परत आले की वावर पुन्हा तुमच्या नावावर. आणि घरात कशाला सांगता? वहिनींच्या जिवाला उगीच घोर लागेल.”

या बोलण्यातील विष शेवटच्या वाक्यात आहे, आणि ते वाक्यच सर्वांत गोड आहे. पैशाची गरज खरी, मदतही खरी; परंतु हे घरात सांगू नका, असे म्हणण्याचे प्रामाणिक माणसाला कारण काय? पुढे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जो कागद होतो, तो गहाणखत नसतो, साधे खरेदीखत असते. वावर परत देण्याचा शब्द तोंडी राहतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५८ मध्ये १९२९ साली घातलेल्या अटीप्रमाणे, परत देण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार शर्तीच्या विक्रीचे गहाण मानला जात नाही. त्या कागदावर सही करण्यापूर्वी तो पत्नीला, शिकलेल्या पुतण्याला किंवा गावातील एखाद्या जाणत्याला वाचावयास दिला असता, तर यांपैकी एकाने तरी विचारले असते, की यात परत देण्याचे कोठे लिहिले आहे?

अलीकडे फोनवरून पोलीस वा न्यायाधीश असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगणारे भामटेही हेच करतात. खोलीचे दार लावा, कोणाशी बोलू नका, हा त्यांचा पहिला हुकूम असतो. अशी अटक कायद्यात नाही. शेजाऱ्याला हाक मारताच तिचा अंमल संपतो. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

येथे साधकाच्या मनात शंका येईल, की आचारधर्मात विजन आणि एकान्त यांचा एवढा महिमा असता, एकान्ताला दोष कसा द्यावा? समाधान असे, की साधकाचा एकान्त त्याने स्वतः पत्करलेला असतो. तो स्मरणासाठी असतो, आणि स्मरण आटोपून तो पुन्हा परिवारात येतो, वडिलांना मन उघडे करतो. दुसऱ्याने लादलेला एकान्त भयासाठी असतो आणि त्यातून परत येण्याची वाट बंद केलेली असते. ही खूण मठ-आश्रमांतही विसरू नये. ‘ही गोष्ट केवळ तुम्हालाच सांगतो, महंतांना विचारू नका’ असे जो कोणी बोलतो, त्याच्या अंगावर कोणताही वेष असला तरी वासनिकाने तेथेच थांबून महंतांकडे जावे.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. असे विचारत फिरणे म्हणजे दुसऱ्याविषयी विकल्प धरणे नव्हे काय? विकल्प हा दोष खराच. परंतु न विचारता मनातल्या मनात एखाद्याला दुष्ट ठरवून ठेवणे हा विकल्प होय. विचारण्याने तो फिटतो; कित्येकदा ज्याच्याविषयी विचारले तो निर्दोष ठरतो. म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या तेव्हा ज्याने जे पाहिले-ऐकले होते त्याच्याकडे ते स्वतः गेले, आणि मिळालेले श्रीनागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. एकाच लीळेविषयी निरनिराळ्यांचे पाठभेद कथकाच्या नावासह राखण्याची परिपाटीही पंथात आहे. यात कोणाचाही अविश्वास नव्हता. जे सर्वांत प्रिय, तेच सर्वांत अधिक तपासून घेतले गेले.

याच म्हाइंभटांकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते प्रथम आले ते शास्त्रार्थात जिंकण्याच्या ईर्ष्येने. त्यांचा विरोध उघड होता, म्हणूनच तो फिटला, आणि त्यांच्या हातून पंथाची केवढी सेवा घडली हे सर्वश्रुत आहे. तोंडावर दोष सांगणारा, भांडणारा, हिशेब मागणारा मनुष्य कटू वाटतो. पण त्याला गुप्त वैरी समजण्याची चूक पुष्कळ घरांत होते, आणि त्याला दूर सारल्यावर जी जागा रिकामी होते तेथे गोड बोलणारा येऊन बसतो. रागीट काका आणि मायाळू परका यांत निवड करताना घाई करू नये.

ओळख पटल्यावर वर्तन कसे असावे? शिव्याशाप, पाळत, उलट कपट यांपैकी काहीही आचारवंताला शोभत नाही. रामदेवरायाचे उदाहरण वर आलेच आहे. बोलणे थोडे करावे, दंडवत सोडू नये, आणि यापुढील व्यवहार तिसऱ्या माणसासमोर व लेखी करावा. एवढ्यानेच अशा माणसांपैकी कित्येक येणे बंद करतात. मात्र अन्याय सोसणे म्हणजेच अहिंसा, असा जो एक समज वासनिकांत आढळतो, तो बरोबर नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याच्या कलम १८ प्रमाणे, सावकारीच्या व्यवहारातून पंधरा वर्षांच्या आत लिहून घेतलेल्या जमिनीविषयी जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत तो व्यवहार सावकारीचा ठरला, तर खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. अर्ज करण्यात द्वेष नाही. ज्याने लपवून घेतले त्याला चारचौघांत आपले म्हणणे मांडण्याची संधीच त्यामुळे मिळते.

या चौकशीत सारा भार पुराव्यावर पडतो. व्याजाच्या चिठ्ठ्या, बँकेचे पासबुक, वावर अद्याप कोण वाहतो याचे साक्षीदार, असे सर्व लागते. म्हणून अर्ज घेऊन वाशीमला निघताना ज्या घरच्या माणसांपासून हा व्यवहार लपविला होता, त्यांनाच सोबत न्यावे. ओसरीवर झालेले ते बोलणे पुष्कळदा त्यांनीच आतल्या खोलीतून ऐकलेले असते.