वारा, ऊन आणि अखेरचे चौदा दिवस

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन प्रकार एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता, पूर्ण करावयाच्या शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. तिच्या सर्वांत परिचित अशा दीर्घ पल्ल्याच्या प्रकारात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असा क्रम असतो. त्याच्या निम्म्या अंतराची शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर प्रथम भरली. तीत समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, रस्त्यावर ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे होते. निम्मे अंतर म्हटले तरी सामान्य स्पर्धकास त्यासाठी सहा ते आठ तास लागतात, आणि त्यांतील शेवटचे तास भर उन्हात जातात.

अशा शर्यतीसाठी सहा-आठ महिने तयारी केलेला एक स्पर्धक डोळ्यांसमोर आणावा. तो रायपूरच्या चौबे कॉलोनीत राहतो. महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूमुळे ही वस्ती तेथील मराठी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाची आहे. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी दिवसाची. पहाटे उठून तो नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर सायकल चालवितो, तरणतलावात पोहतो आणि रविवारी दोन-अडीच तास धावतो. शर्यतीस चौदा दिवस उरले असता त्याच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो: अजून काय करता येईल? एखादी लांब फेरी राहून गेली आहे, पावसाळ्यात चार दिवस बुडाले आहेत. ती उणीव आता भरून काढावी, असे त्याला वाटते. नेमक्या याच ठिकाणी बहुतेकांचे चुकते. या प्रकरणात त्या चौदा दिवसांचा विचार करावयाचा आहे.

काम कमी का करावयाचे?

व्यायामाने शरीर लगेच बलवान होत नाही. प्रथम ते थकते, आणि पुढे विश्रांतीच्या काळात झालेली झीज भरून काढताना ते पूर्वीपेक्षा थोडे अधिक समर्थ होते. या क्रियेस बराच अवधी लागतो. म्हणून शर्यतीच्या आठ दिवस आधी घेतलेल्या पाच तासांच्या फेरीचा थकवा शर्यतीच्या दिवशी अंगात शिल्लक राहण्याचा संभव असतो, परंतु तिचा लाभ मात्र पदरात पडत नाही. पीक कापणीला आल्यावर शेताला खत घालण्यासारखाच हा प्रकार होय.

या विषयावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करावे, मात्र सरावाची तीव्रता आणि दिवसांची संख्या कायम ठेवावी. कामगिरीत सर्वाधिक सुधारणा अशा पद्धतीने दिसून येते. म्हणजे आठवड्यास दहा तास सराव करणाऱ्याने तो क्रमाक्रमाने पाच तासांवर आणावा. पण त्या पाच तासांत काही मिनिटे शर्यतीच्या वेगाने, क्वचित त्याहून जलद, जावे. सराव अजिबात बंद करणे आणि तो पूर्वीप्रमाणेच चालू ठेवणे, ही दोन्ही टोके टाळावयाची असतात.

या दिवसांत पाय जड वाटतात, झोप कमी येते, किरकोळ दुखणी मोठी भासतात. हे अपयशाचे लक्षण नव्हे. शर्यत जवळ आल्याने मन अस्वस्थ होते आणि रोजच्या श्रमाची सवय सुटल्याने ती अस्वस्थता अधिकच जाणवते. घरच्यांनीही हे समजून घेतले तर स्पर्धकाचा भार पुष्कळ हलका होतो.

कोरडे ऊन आणि दमट ऊन

स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी सुमारे एक चतुर्थांश भागच गतीच्या उपयोगी पडतो. उरलेल्या तीन चतुर्थांशाची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. परंतु घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. तोच घाम थेंबाथेंबाने जमिनीवर पडला तर शरीराचे पाणी जाते, उष्णता मात्र तेथेच राहते.

चौबे कॉलोनीतील आपल्या स्पर्धकास हा फरक विशेष ध्यानात घ्यावा लागेल. मे महिन्यात रायपुरात लू वाहते तेव्हा घाम दिसतच नाही. तो येताक्षणी वाळतो आणि सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे उरतात. गोव्यात ऑक्टोबरमध्ये तापमापकाचा आकडा त्याहून पुष्कळ कमी असतो, पण हवा दमट असल्याने घाम अंगावरून निथळत राहतो. ‘आम्ही रायपूरचे ऊन सोसलेले लोक, गोव्याच्या उन्हाचे काय ते कौतुक,’ असे म्हणणारा म्हणूनच फसण्याचा संभव असतो. शिवाय मे महिन्यात कमावलेली उन्हाची सवय ऑक्टोबरपर्यंत टिकत नाही. उन्हातला सराव थांबला की ती दोन-तीन आठवड्यांत बरीचशी ओसरते.

ही सवय नव्याने लावण्यास दहा ते चौदा दिवस पुरतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणाऱ्या क्षारांचे प्रमाण घटते. यासाठी शर्यतीच्या तीनएक आठवडे आधीपासून दुपारच्या वेळी तासभर सावकाश धावावे किंवा सायकल चालवावी. अखेरच्या आठवड्यात मात्र एक दिवसाआड अर्धा-पाऊण तास उन्हात फिरणे पुरेसे होते. ताप, जुलाब किंवा झोपमोड झाली असेल त्या दिवशी हा सराव करू नये. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून तो आरंभूच नये.

वाऱ्याचा हिशेब

सायकलस्वाराला होणारा हवेचा विरोध हा हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा लागला, तर हवेचा सापेक्ष वेग ४५ होतो आणि विरोध सव्वादोन पट होतो. अशा वेळी वेग ३०च ठेवण्याचा हट्ट धरणारा स्वार पुढे धावण्यासाठी राखून ठेवलेली शक्ती रस्त्यावरच उधळून टाकतो.

वाऱ्याने गेलेला वेळ परतीच्या वाटेवर भरून निघतो, हाही एक गैरसमज आहे. जाताना ४५ किलोमीटर वारा समोरून लागून वेग २४ झाला आणि येताना वारा पाठीशी असल्याने तो ३६ झाला, असे समजू. दोहोंची सरासरी ३० दिसते. पण जाण्यास १ तास ५२ मिनिटे आणि येण्यास १ तास १५ मिनिटे, म्हणजे एकूण ३ तास ७ मिनिटे लागतात. निर्वात हवेत हेच अंतर तीन तासांत संपले असते. ही सात मिनिटे वाऱ्याची आहेत. ती त्याला देऊन टाकावीत. झगडून परत मिळवू नयेत.

किनाऱ्यावरील वाऱ्यालाही वेळापत्रक असते. पहाटे हवा बहुधा शांत असते. सूर्य वर येऊन जमीन तापली की समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहू लागतो आणि दुपारपर्यंत त्याचा जोर वाढत जातो. त्यामुळे सायकलीचा पूर्वार्ध सुलभ वाटला, तरी उत्तरार्धही तसाच जाईल असे धरून चालू नये. अखेरच्या दिवसांतील एखाद्या सकाळी आपल्या स्पर्धकाने नवा रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम वारा असताना जावे, वेग दाखविणाऱ्या यंत्राकडे न पाहता केवळ श्वासावरून श्रम समान राखावेत, आणि वारा बाजूने आला असता हात सैल ठेवून सायकल स्थिर राखण्याचा सराव करावा.

पाणी: कमी आणि जास्त

या शर्यतीच्या इतिहासातील पहिला धडा पाण्याचाच आहे. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून पहिली दीर्घ शर्यत झाली. पंधरा जण निघाले, बारा जणांनी ती पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. दुसरा आलेला जॉन डनबार त्याच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे होता. धावताना त्याच्या साहाय्यकांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली. केवळ एवढ्यामुळे तो हरला असे म्हणता येणार नाही. पण काय व किती प्यावे हे आधी ठरविलेले नसले म्हणजे काय होते, याचे ते उदाहरण आहे.

पुढे याच्या उलट चूकही रूढ झाली. तहान नसतानाही पाणी पीत राहावे, या समजुतीने अनेक जण इतके पाणी पितात की रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक रीतीने खाली येते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांच्यापैकी १३ टक्के लोकांत हे प्रमाण कमी आढळले. डोके दुखणे, मळमळ, गोंधळ आणि पुढे झटके अशी याची लक्षणे आहेत. ती उष्माघाताच्या लक्षणांशी मिळतीजुळती असल्याने अधिक पाणी पाजण्याची चूक होते आणि तीच जिवावर बेतू शकते.

आपली गरज मोजण्याचा उपाय सोपा आहे. तासभर सरावाच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करावे. वजन ६८ किलोवरून ६७.४ झाले आणि मध्यंतरी अर्धा लिटर पाणी प्यालेले असले, तर घाम सुमारे १.१ लिटर गेला. सगळाच घाम भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. तहानेचा मान राखावा आणि शर्यतीअखेर वजन वाढलेले असणार नाही एवढे पाहावे.

अन्नाविषयी नियम एकच: नवे काही खाऊ नये. अखेरच्या दोन-तीन दिवसांत भात, पोहे, पोळी, बटाटा, केळी यांचे प्रमाण थोडे वाढवावे. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम पिष्टाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. त्यामुळे वजन किलो-दीड किलोने वाढले तर घाबरू नये. ती शिदोरी आहे. छत्तीसगडातील शेतकरी उन्हाळ्यात पाण्यात भिजविलेला भात, म्हणजे बोरे-बासी, मीठ-कांद्यासह खातो. पाणी, मीठ आणि पिष्ट एकाच वेळी मिळवून देणारी ही जुनी युक्ती आहे. पण ज्याला तिची सवय नाही, त्याने शर्यतीच्या आदल्या दिवशी तिचा प्रयोग करू नये.

थांबण्याची तयारी

शेवटची तयारी मनाची. उष्माघातात शरीराच्या आतील तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि माणसाचे भान सुटू लागते. ज्याने थांबावयाचे, त्याचाच विचार अशा वेळी काम देईनासा होतो. म्हणून थांबण्याच्या अटी शुद्धीवर असताना, घरी बसून, कागदावर लिहून ठेवाव्यात: थंडी वाजू लागली, पावले वाकडी पडू लागली, साधा हिशेब जमेना, तर थांबावयाचे. सोबत आलेल्या नातलगांनाही त्या सांगून ठेवाव्यात. बाधा झालेल्यास प्रथम थंड पाण्यात बसवून किंवा अंगभर पाणी-बर्फ लावून थंड करावयाचे आणि मग रुग्णालयात हलवावयाचे, हा क्रम त्यांना ठाऊक असावा. कारण यात मिनिटांना किंमत असते.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आपला स्पर्धक मिरामारच्या वाळूवर उभा राहील तेव्हा त्याच्या हाती नवे असे काहीच नसेल. बुडालेले चार दिवस तसेच राहिलेले असतील. पण पाय ताजे असतील, उन्हाची ओळख झालेली असेल, वाऱ्याला द्यावयाची मिनिटे हिशेबात धरलेली असतील आणि थांबण्याच्या अटी घरच्या माणसाच्या खिशात असतील. महिनोन्‌महिने केलेले श्रम वाया जाऊ न देणे, एवढेच त्या चौदा दिवसांचे काम होते. आणि ते त्याने केलेले असेल.