विषय कसा सापडतो?

बीड जिल्ह्यातील एखाद्या शाळेचा सातवीचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. प्रत्येकाने एक विषय निवडून त्याचा शोध घ्यावा आणि जे आढळेल ते लिहून आणावे, असे गुरुजींनी सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर विषय मांडले जातात : 'आमचा जिल्हा', 'पाऊस', 'दुष्काळ', 'खजाना विहीर', 'शेतकरी'. निम्मे काम झाले, असे मुलांना वाटते. वास्तविक ते अद्याप सुरूही झालेले नसते. 'दुष्काळ' एवढाच शब्द घेऊन बसलेल्या मुलाने प्रारंभ कोठून करावा? एखाद्या पुस्तकातील चार वाक्ये उतरवून काढण्यापलीकडे तो काय करणार? त्याने अजून स्वतःला काहीच विचारलेले नाही.

म्हणून गुरुजी यादीतील एकच विषय घेतात, खजाना विहीर. तिच्याविषयी ज्याला जे सुचेल ते त्याने सांगावे, कोणी कोणाला हसू नये, खरेखोटे मागाहून पाहू, असा नियम ठरतो. थोड्याच वेळात फळा भरून जातो. ही विहीर बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे ६ किलोमीटरांवर आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळी, १५८३ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. भूमिगत मार्गांनी तिच्यात पाणी येते आणि तशाच मार्गाने ते बाहेर पडून शेतांना मिळते. सरकारी खजिना तिच्यावर खर्च झाला म्हणून तिला हे नाव पडले, असे लोक सांगतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणतो, "माझे आजोबा सांगतात, तिचे पाणी कधीच कमी होत नाही."

"त्यांनी मोजले होते का?" दुसरा विचारतो.

वर्ग हसतो, पण गुरुजी हसत नाहीत. ते त्या वाक्याभोवती खडूने वर्तुळ काढतात. इतका वेळ फळ्यावर माहिती होती. आता तेथे प्रश्न आला. भर उन्हाळ्यात खजाना विहिरीचे पाणी खरोखरच कमी होत नाही काय?

हा प्रश्न लहान आहे. पण तो सुटण्याजोगा आहे. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन दर महिन्याच्या पहिल्या तारखेस विहिरीवर जावे, काठावरील एकाच ठरलेल्या दगडापासून वजन बांधलेली दोरी सोडावी, पाणी लागेल तेथे गाठ मारावी आणि दोरी मोजून आकडा वहीत टिपावा. दगड बदलला तर आकड्यांना अर्थ उरत नाही. शिवाय गावातील एखादी साधी विहीरही त्याच दिवशी, त्याच रीतीने मोजली पाहिजे. नाहीतर यंदाचा पाऊसच चांगला होता की विहिरीची बांधणी चांगली आहे, हे कसे कळावे? १९७२ च्या दुष्काळात विहिरीला पाणी होते का, हे वृद्धांना विचारता येईल. दोघांची सांगणी जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवावीत. १९६९ साली प्रसिद्ध झालेले जिल्ह्याचे गॅझेटियरही चाळावे. मात्र पुस्तक उघडण्यापूर्वी त्यात काय शोधायचे ते ठाऊक असले म्हणजे ते अधिक बोलते.

थोरांचे शोधही याच वाटेने जातात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीड येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी हस्तलिखित प्रत मिळाली. तिच्यातील शब्दांची रूपे आजच्याहून वेगळी होती. ती तशी का, त्यांना काही नियम आहेत काय, हा प्रश्न घेऊन ते बसले आणि १९०९ मध्ये त्यांनी त्या प्रतीचा पाठ व ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे विद्वानांनी त्या प्रतीच्या प्राचीनतेविषयीच शंका घेतल्या. एका प्रश्नातून दुसरा निघाला, तो असा.

इकडे वर्गात तिसऱ्या बाकावरील एक मुलगी अद्याप काही बोललेली नाही. तिची वही कोरी आहे काय, असे गुरुजी विचारतात. ती वही पुढे करते. तिच्यात एकच ओळ आहे : 'दिवाळीनंतर आमच्या वर्गात किती मुले उरतात?'

वर्ग शांत होतो. दरवर्षी ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या भागात जातात. सांभाळायला घरी कोणी नसले म्हणजे मुलेही बरोबर जातात. त्या मुलीची जागा गेल्या वर्षी चार महिने रिकामी होती. हा विषय फळ्यावर कोणीच सांगितला नव्हता. सर्वांना तो ठाऊक होता, म्हणूनच असेल.

गुरुजी जुने हजेरीपट काढून देण्याचे कबूल करतात. परंतु एक अडचण उरते. मोजणी व्हायची त्या महिन्यांत ती स्वतः वर्गात नसणार. तेव्हा तिची मैत्रीण म्हणते, "इथली हजेरी मी दर सोमवारी लिहून ठेवीन. तू तिथे फडावरच्या कोपींत किती मुले आहेत, ते मोज."

मुलगी थोडा विचार करते आणि विचारते, "गुरुजी, जी शाळेत कधी गेलीच नाहीत, ती मुले यात धरायची का?"

गुरुजी हातातला खडू खाली ठेवतात. हे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते. ते वर्गाकडे वळून म्हणतात, "बोला, धरायची की नाही? आणि का?"