इंटरनेट बंद पडले, तर आधी काय पाहावे?



शिष्यवृत्तीचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात. शेवटच्या दिवशी वसतिगृहातील संगणकाचे इंटरनेट बंद पडले, तर मुलाचे वर्ष अडते. म्हणून मी मोठ्या मुलांना तपासणीचा क्रम शिकवतो : जवळून सुरुवात करा, मग दूर जा.

१. केबल : संगणकाच्या मागे केबल जोडतो तिथला छोटा दिवा लागतो का? नसल्यास केबल काढून ‘टक’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा.

२. राउटर : त्याच वायफायवर मोबाइल चालत असेल, तर दोष संगणकाकडे. कुठेच चालत नसेल, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करा. फायबरच्या राउटरवर ‘एलओएस’चा लाल दिवा असेल, तर प्रकाशाचा संकेतच येत नाही, कंपनीला कळवा.

३. पत्ता : विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर राउटरकडून संगणकाला पत्ता मिळालेला नाही.

४. नाव : ‘पिंग ८.८.८.८’ला उत्तर येते, पण संकेतस्थळ उघडत नाही? मग बहुधा नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे.

५. तारीख : जुन्या संगणकातील बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. तारीख दुरुस्त करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला व वहीत नोंदवा. तंत्रज्ञाला बोलवावे लागलेच, तर ती नोंद त्याचा वेळ वाचवते आणि मुलाचा अर्जही वेळेत जातो.